आखाजीच्या बारातली शिवी

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, तू नोकरी करायचीस म्हणजे नक्की काय करायचीस?" पलीकडे तुमची आई जेवायला हाका मारत होती, म्हणून मी घाईने म्हणाले, "अपंग मुलांना शाळेत घालायचे." तुम्ही "ओके आजी" म्हणून फोन ठेवलात. उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं, आणि अपुरं काही टेबलावर पडून राहिलं की मला चैन पडत नाही हे तुमच्या बाबांना चांगलं ठाऊक आहे. तेव्हा ते पुरं करते. माझ्या सवयीप्रमाणे आधी जागा सांगेन, मग माणसं, मग गोष्ट.

जागा जळगाव जिल्ह्यातली, आणि काळ तुमचे बाबा अजून शाळेत जात होते तेव्हाचा, म्हणजे ऐंशीच्या दशकातला. पोलिओ हा तुमच्यासाठी पुस्तकातला शब्द आहे. तेव्हा प्रत्येक गावात, बहुतेक प्रत्येक आळीत, पोलिओने पाय गेलेलं एक तरी मूल असायचं. जळगावात आमची एक छोटी संस्था होती. मागच्या शेडमध्ये चामडं आणि लोखंडी पट्ट्या ठोकून पायांसाठी कॅलिपर बनवायचे, कुबड्या बनवायच्या, आणि पुढच्या खोलीत मी बसायचे. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली म्हणून मला सरकारी पत्रव्यवहारासाठी घेतलं होतं. थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की पत्रं लिहून मुलं शाळेत जात नाहीत. त्यासाठी एसटीत बसावं लागतं. मग मी बसू लागले. आठवड्यातला एक दिवस जामनेर, एक दिवस पहूर, आणि काळी छत्री कायम हातात, कारण आमच्याकडचं ऊन तुम्ही सुट्टीत पाहिलं आहे.

पहूर मोठं गाव. मी जायचे त्या भागात मधून एक नाला होता, उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा. अलीकडे एक आळी, पलीकडे दुसरी. सातवीपर्यंतची शाळा अलीकडे होती आणि पाचवीपासूनचं हायस्कूल पलीकडे. एवढा भूगोल लक्षात ठेवा, पुरे.

आता माणसं. अलीकडच्या आळीत केळी पिकवणारं एक घर होतं. घरात आजोबा होते, ज्यांना सगळी आळी आबा म्हणायची, त्यांचा मुलगा, सून, आणि एक नात. ही गोष्ट त्या नातीची आहे.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते हवेत. अंगणातल्या निंबाला दोरखंडाचा झोका होता आणि एक मुलगी तो इतका उंच नेत होती की वरची फांदी हलत होती. झोका हळूहळू थांबला. तिने दोरखंड सोडला, दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि अंग ओढत ओट्याकडे आली. तेव्हा कुठे मला तिचे पाय दिसले. कमरेखाली दोन्ही पाय काडीसारखे होते.

"तुम्ही जयगावच्या लोखंडवाल्या बाई ना?" तिने विचारलं.

तिकडच्या बोलीत 'ळ' चा 'य' होतो. जळगावचं जयगाव, शाळेची शाया, आळीची आयी, धुळ्याचं धुयं. मला त्याची सवय होती, पण लोखंडवाली म्हणून माझी ओळख आहे हे त्या दिवशी नव्याने कळलं.

तिची आई पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, हिच्या तोंडाचं मनावर घेऊ नका. पायातली सगयी ताकद जिभेत गेलीय."

पुढच्या काही महिन्यांत तिला कॅलिपर मिळाले, कुबड्या मिळाल्या, आणि हाताने पायडल फिरवून चालवायची तीनचाकी सायकल मिळाली. कॅलिपर तिला आवडले नाहीत. सायकल आवडली. तिच्यावर बसून ती अलीकडच्या शाळेत जायची, वाटेतल्या कोंबड्यांवर ओरडायची आणि वर्गात पहिल्या पाचांत असायची.

आबा तिच्यावर जीव टाकायचे. ते कमी बोलत, पण त्यांचा शब्द आळीत कोणी मोडत नसे. त्यांचा एक नियम मला नंतर कळला. नातीसमोर कोणी 'पाय' हा शब्दही काढायचा नाही. अंगणात पोरं जमली की झोका खेळायचा, काचापाणी खेळायचं, पण लंगडी खेळायची नाही. एकदा पोरींनी लंगडी सुरू केली तर आबांनी ओट्यावरून नुसतं खाकरून ती बंद पाडली होती.

"मी झोक्यावरून मस्त पाह्यत होती," ती मला म्हणाली. "कोण आउट झालं ते मीच सांगत होती. अन् आबानं खेयच बंद केला. आता पोरी खेयाले नाल्यात जातात. मले दिसतबी नई."

ती सातवीत असतानाच्या मार्चमध्ये आबांनी मला ओट्यावर बसवून सांगितलं, "बाई, धुयाले अपंग मुलींचं वसतिगृह हाये म्हणतात. शाळा तिथंच आतमध्ये. हिले तिथं टाकून द्या. तुमचं वजन हाये."

"आबा, हायस्कूल तर इथेच आहे, नाल्यापलीकडे."

"पलीकडची पोरं लई वाईट तोंडाची. इथं आपली आयी हाये, कोणी काही बोलत नई. तिथं तिले दिवसभर लंगडी, पांगयी ऐकावं लागंल. ते माह्यानं पाहवणार नई."

मी म्हणाले, "तिला विचारलंत?"

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी झोक्याला विचारलंत का असं म्हटलं होतं. पण ते न्यायी माणूस होते. म्हणाले, "विचारा."

माझी कामाची एक पद्धत होती. न पाहिलेल्या जागेबद्दल मुलाला 'जातोस का' असं कधी विचारायचं नाही. आधी जागा दाखवायची. म्हणून एका सकाळी आबा, त्यांची नात आणि मी जळगावहून धुळ्याच्या एसटीत बसलो. तिला खिडकी दिली. ती आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लांब निघाली होती आणि वाटेतल्या प्रत्येक गावाची पाटी मोठ्याने वाचत होती. पारोळ्यापर्यंत पुढच्या सीटवरचे काका तिच्याबरोबर वाचू लागले होते.

वसतिगृह चांगलं होतं, हे मी स्पष्ट लिहिते. स्वच्छ फरशी, उंबरठे नाहीत, धरायला भिंतीला दांडे, आणि मुलींच्या अंगावर चुरगळलेले कपडे नव्हते. तिथल्या बाई धुळ्याकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या, गोड स्वभावाच्या. "बठ्ठं शे आठे," त्या हात पसरून म्हणाल्या. सगळं आहे इथे. शाळा शे, दवाखाना शे, शिवणकाम शे. बाहेर जायचं कामच नाही.

आबांचा चेहरा उजळला. नात सायकलीशिवाय आली होती, म्हणून मी तिला बाकावर बसवलं होतं. फाटकाबाहेर एक बांगडीवाली टोपली घेऊन बसली होती. नात तिच्याकडे पाहत होती.

"मावशी," नातीने वसतिगृहाच्या बाईंना विचारलं, "बांगड्या घ्यायच्या तर मी तिकडं जाऊ शकते का?"

"तू कसाले जाशी माय? आम्हीच लई देतस ना. दिवाईले बठ्ठ्या पोरीसले एकसारख्या." म्हणजे आम्हीच आणून देतो, दिवाळीला, सगळ्या मुलींना.

"एकसारख्या? कोणता रंग?"

"हिरव्या."

परतीच्या एसटीत ती पाट्या वाचत नव्हती. एरंडोल गेल्यावर मी विचारलं, "काय वाटलं तुला?"

"चांगलं हाये," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "फाटकाले कुलूप होतं."

आबा म्हणाले, "पोरींच्याच भल्यासाठी असते ते."

"मी आखाजी झाल्यावर सांगते," ती म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

आता आखाजी सांगितली पाहिजे, कारण तुमच्या पिढीला अक्षय तृतीया म्हणजे सोन्याच्या दुकानाची जाहिरात. आमच्या खानदेशात तो मुलींचा सण. वैशाखाच्या त्या आगीत लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, गौराई बसते, झाडाझाडाला झोके बांधले जातात. आणि मग एके संध्याकाळी 'बार' होतो. नाल्याच्या किंवा नदीच्या एका काठावर एका आळीच्या मुली, दुसऱ्या काठावर दुसऱ्या आळीच्या. मध्ये कोरडी वाळू. आणि दोन्हीकडून शिव्या. हो, बरोबर वाचलंत. यमक जुळवलेल्या, ठसक्यात म्हटलेल्या शिव्या. कोणाचं नाक, कोणाची सासू, कोणाची जळकी भाकरी, काहीही सुटत नाही. पुरुष लांब उभे राहून ऐकतात आणि त्यांना मध्ये बोलायची सोय नसते. दुसऱ्या दिवशी सगळ्या पुन्हा मैत्रिणी. मी कॉन्व्हेंटमधली, मला पहिल्या वर्षी वाटलं की पोलिसांना बोलवावं.

आखाजीच्या आधी मी पहूरला गेले तेव्हा तिने मला झोक्याजवळ बोलावलं आणि आवाज खाली आणून तिचा बेत सांगितला.

"बाई, दरवर्षी मी बाराले जाते. काठावर बसते. आमच्या आयीच्या निम्म्या शिव्या मीच जोडून देते. पण पलीकडून सगयांले शिव्या पडतात. माही चुलतबहीण काणी हाये, तिले पडतात. शेजारची जाडी हाये, तिले पडतात. मले कोणी एकबी शिवी देत नई. माह्यावरून नजर पुढं जाते, जशी मी तिथं बसेलच नई."

"यावर्षी मी पुढं होऊन बोलणार हाये. त्यांनी मले शिवी दिली तर मी पलीकडच्या शायेत जाणार. नई दिली तर धुयाले जाते. तिथं नई बोलणार अन् इथंबी नई बोलणार, तर धुयं काय वाईट हाये? तिथं निदान फरशी तरी चांगली हाये."

मी तिला खूप काही सांगू शकले असते. शिक्षणाचा निर्णय असा शिव्यांवर सोडू नये, वगैरे. पण तिला विचारलंत का, असं मीच म्हटलं होतं, आणि हे तिचं उत्तर होतं. मी फक्त म्हणाले, "मी येईन बार पाहायला."

त्या संध्याकाळी ऊन उतरलं तरी वाळू तापलेली होती. अलीकडच्या काठावर पोरी दाटीवाटीने उभ्या होत्या आणि त्यांच्या पुढे, अगदी कडेला, तीनचाकी सायकल. आईने तिला नवं परकर-पोलकं घातलं होतं आणि चाकाखाली दगड लावून ठेवले होते. मी मागे निंबाखाली छत्री घेऊन उभी राहिले. आबा थोड्या अंतरावर पुरुषांत होते.

पलीकडच्या आळीची पुढारीण होती तिच्याच वयाची एक उंच मुलगी, दोन वेण्या घातलेली, आवाज असा की पहूरच्या स्टँडवर ऐकू जावा. तीही सातवीतून आठवीत चालली होती, पलीकडच्या हायस्कूलातच. बार सुरू झाला. काण्या चुलतबहिणीला पडली, जाड्या शेजारणीला पडली, आमच्याकडून परतफेड झाली, दोन्ही काठ हसून लोटपोट झाले. मग आबांच्या नातीने हात वर केला. अलीकडच्या पोरी थांबल्या आणि तिने एकटीने आवाज लावला:

"पलीकडची पुढारीण, लई तिचा तोरा,
भाकर येते जयकी, मागते नवरा गोरा!"

अलीकडचा काठ ओरडला. पलीकडची पुढारीण पुढे आली, तोंड उघडलं, आणि मिटलं. तिने मान फिरवून पुन्हा काण्या चुलतबहिणीलाच एक शिवी दिली.

सायकलवरून दुसरी शिवी गेली:

"नाक तिचं वांगं ग, भाजाले घालू,
भरीत खाऊ आम्ही, देठ तिले देऊ!"

पलीकडे गडबड झाली. पुढारीण पायाने वाळू उडवत होती. पण उत्तर आलं ते जाड्या शेजारणीला. नजर पुन्हा सायकलवरून पुढे गेली, जशी ती मला म्हणाली होती तशीच.

मी तिच्या पाठीकडे पाहत होते. खांदे खाली आले. माझ्या शेजारी तिची आई उभी होती, पदर तोंडात धरून. ती पुटपुटली, "नई बोलणार त्या. आबा काल पलीकडं जाऊन आलेत. घराघरात हात जोडून सांगितलं, माह्या नातीले काही बोलू नका."

आयुष्यात कोणापुढे न वाकलेला तो म्हातारा नातीसाठी दारोदार गेला होता, आणि त्यानेच तिचं धुळ्याचं तिकीट काढून ठेवलं होतं. नातीची अट त्याला माहीतच नव्हती. मी आबांकडे निघाले. काय बोलणार होते, कोण जाणे. मी पोचण्याआधी काठावरून आवाज आला. आता त्याला यमक नव्हतं.

"काय ग ए! मुकी झाली का? जीभ कोणाच्या घरी ठिवून आली? दे ना शिवी! दम नई का?"

पलीकडची पुढारीण इतका वेळ स्वतःला दाबून धरून होती, ती फुटली. "दम हाये माह्यात! तुह्या आबानं सांगलं तुले बोलू नका म्हणून!"

नाल्यातली एक शेळी ओरडली ती सगळ्यांनी ऐकली. सायकलवरच्या मुलीने मागे वळून पुरुषांत उभ्या असलेल्या आबांकडे पाहिलं. आबांनी मान खाली घातली. मग ती पुन्हा पलीकडे वळली.

"आबा माह्या हाये का तुह्या?"

"तुह्या."

"मंग माह्या आबाचं तू काहून ऐकते? मीच कधी ऐकत नई!"

पहिल्यांदा हसल्या त्या पलीकडच्या. मग अलीकडच्या. मग पुरुषांतलं कोणीतरी. आणि त्या हसण्यातून पुढारिणीने कंबरेवर हात ठेवले, मान मागे टाकली, आणि आळीत इतकी वर्षं कोणी न उच्चारलेला शब्द सगळ्या पहूरला ऐकू जाईल असा फेकला:

"पांगयी बसली गाड्यात, राणीवानी थाट,
चाक गेलं नाल्यात, मोडली तिची पाठ!"

तिच्या आईने डोळे मिटून घेतले. मी आबांच्या अगदी जवळ होते. त्यांचा हात माझ्या छत्रीच्या दांड्यावर पडला आणि त्यांनी ती घट्ट धरली.

आणि आमची मुलगी हसली. नुसती हसली नाही, सायकलवर बसल्या बसल्या दोन्ही हात वर करून किंचाळली, जशी झोका सर्वांत वर गेल्यावर किंचाळायची. उत्तर तिच्याजवळ तयार होतं. मला वाटतं ते कित्येक वर्षं तयार होतं, फक्त कोणी प्रश्न केला नव्हता:

"माह्या गाड्याले चाकं तीन, तुह्ये पाय दोन,
शर्यत लावून पाह्य ग, मागं राह्यते कोन!"

त्यानंतरचा गलबला मला लिहिता येणार नाही. पलीकडच्या पोरी टाळ्या पिटत होत्या, अलीकडच्या सायकल हलवत होत्या, चाकाखालचे दगड निसटले आणि सायकल खरोखरच उतारावरून वाळूत गेली. पलीकडची पुढारीण धावत खाली आली आणि तिने पुढून हँडल धरलं. नाल्याच्या मध्यावर दोघी एकमेकींना आणखी शिव्या देत होत्या, पण आता हळू आवाजात, म्हणून त्या मला ऐकू आल्या नाहीत.

आबा अजून छत्रीचा दांडा धरूनच होते. मग म्हणाले, "हसली ती, बाई."

"हो, आबा."

"मले वाटलं होतं, मरून जाईल."

घरी ओट्यावर तिने निकाल सांगितला. "मी पलीकडच्या शायेत जाणार." आबांनी नुसती मान हलवली.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं, पण शाळेत नाव घालायचं म्हणजे हेडसरांच्या खोलीतून जावं लागतं. जूनमध्ये आम्ही गेलो. आबा, नात आणि मी खोलीत, आणि दाराशी, कोणी न बोलावता, पलीकडची पुढारीण. हेडसर सभ्य होते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि नाही म्हणाले.

"मॅडम, आठवीचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे. पहिल्यापासून तिथेच आहे."

मी म्हणाले, "खाली कोणता आहे?"

"पाचवी."

दारातून आवाज आला, "सर, पाचवीची पोरं वर जायले एका पायावर तयार हायेत. वरून स्टँडवरच्या गाड्या दिसतात."

"तू वर्गात जा," सर म्हणाले. ती गेली नाही. सर पुन्हा माझ्याकडे वळले. "शिवाय पुढे दोन पायऱ्या. आणि खरं सांगू का, मुलं फार चिडवतात. हिला दिवसभर काय काय ऐकावं लागेल. ती जबाबदारी मी कशी घेऊ?"

मी तोंड उघडणार होते. माझ्याकडे नियम होते, परिपत्रक होतं, सगळं क्रमाने लावलेलं. पण आबांनी हात वर केला.

"सर, चिडवू द्या," ते म्हणाले. "तिले चिडवलेलं चालते. ती काय उत्तर देईल त्याची जबाबदारी मातर तुमची. तुमच्या पोरांले संभाळा."

दारात पुढारीण फिसकन हसली. नात खाली पाहत होती, पण तिचे खांदे हलत होते. शेवटी हेडसरांनाही हसू आवरलं नाही.

पायऱ्यांचं काम तिच्या वडिलांनी केलं. केळीचे घड ट्रकमध्ये चढवायला त्यांच्याकडे एक लांब जाड फळी होती. तीच आणून पायऱ्यांवर टाकली. हंगामात फळी बागेत लागायची, तेव्हा पोरी सायकलसकट तिला उचलायच्या आणि ती वरून त्यांना बैलाला हाकतात तसं हाकायची. अडचणी होत्याच. मधल्या सुट्टीत तिची आई रोज नाला ओलांडून यायची, कारण शाळेतला संडास तिला जाता येईल असा नव्हता. तो नीट करून घ्यायला मला वर्ष लागलं. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की लांबून फिरून जावं लागे. पण आठवी खाली आली आणि पाचवी वर गेली, आणि पाचवीची पोरं खरोखर दिवसभर गाड्या पाहत बसायची.

मला खरं आश्चर्य वाटलं ते दिवाळीनंतर. मी पहूरला एसटीतून उतरले तर स्टँडवर बायका उभ्या होत्या. कोणाच्या कडेवर मूल, कोणाच्या पाठीशी. ही मुलं इतकी वर्षं आतल्या खोलीत होती. घरात आहेत हे शेजारच्यांनाही नीट माहीत नव्हतं. एक बाई म्हणाली, "बाई, ती सायकलवाली जाते तर आमचा का नई?" मी प्रत्येकाला तेच सांगितलं. आधी मुलाला जागा दाखवू, मग त्याला विचारू. काही हायस्कूलला गेली, एक मुलगा दुकानात बसला, आणि एक मुलगी धुळ्याच्या त्याच वसतिगृहात गेली, कारण तिने ते पाहून मागितलं. तिला हिरवा रंग आवडत होता.

आमची सायकलवाली मुलगी बारावी होऊन नव्वदच्या दशकात शिक्षिका व्हायला धुळ्यालाच गेली. ही जागा तिने स्वतः निवडली होती. कॉलेजच्या साध्या वसतिगृहात, सगळ्या मुलींबरोबर राहायची. मी भेटायला गेले तेव्हा फाटकाशी आली, मनगटात जांभळ्या बांगड्या. मी फाटकाकडे पाहिलं. तिने ते पाहिलं.

"कुलूप इथंबी हाये, बाई," ती म्हणाली. धुळ्याचा शब्द आता तिच्या तोंडी सहज यायचा. "पण बठ्ठ्यांसाठी हाये."

त्यानंतर एका आखाजीला तिने मला आग्रहाने बोलावलं. ती तेव्हा शिकवत होती. पलीकडच्या पुढारिणीचं लग्न होऊन ती माहेरी आली होती, कडेवर लेक. आबा खूप थकले होते; त्यांची खाट अंगणात टाकली होती. अंगणात येताना मी पाहिलं, पोरी लंगडी खेळत होत्या आणि खाटेवरून आबाच सांगत होते कोण आउट ते.

संध्याकाळी आबांची खाट काठावर आणली आणि बार सुरू झाला. मी नेहमीसारखी मागे निंबाखाली उभी राहिले. ती सायकलवरून ओरडली, "बाई, मागं काहून? पुढं या!" मी गेले. पाहुणी म्हणून गेले, असं मला वाटलं. पलीकडच्या पुढारिणीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, लेक बहिणीकडे दिली, कंबरेवर हात ठेवले:

"जयगावची बाई आली, छत्री कायी कायी,
बोलते जशी वाचते पुस्तकातल्या ओयी!"

दोन्ही काठ माझ्याकडे पाहत होते. आबा खाटेवर उठून बसले होते. माझ्या कानाशी आमची मुलगी म्हणाली, "बाई, उत्तर द्या. नई तर आपली आयी हरते."

मी छत्री मिटली आणि कंबरेवर हात ठेवले.